भेगांतून विहिरीत

जानेवारी २०२५मध्ये बुलढाणा जिल्ह्याच्या शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा परिसरात लोकांचे केस अचानक गळू लागले, तेव्हा पहिला संशय पाण्यावर गेला. तपासणीत नायट्रेट जास्त निघालं. पुढे शोध सेलेनियमकडे वळला आणि नायट्रेटचा विषय मागे पडला. तो मागे पडायला नको होता. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४च्या गुणवत्ता अहवालात, नायट्रेटच्या दृष्टीने चिंताजनक ठरलेल्या देशातल्या १५ जिल्ह्यांत बुलढाणा आहे.

युरिया, उकिरडा, शौचखड्डे, या सगळ्यांतला नत्र मातीतले जिवाणू आधी अमोनियमच्या आणि मग नायट्रेटच्या रूपात आणतात. काळ्या मातीच्या कणांवर ऋण भार असतो. धन भाराचं अमोनियम त्यांना धरून राहतं. ऋण भाराचं नायट्रेट पाण्याबरोबर निसटतं. त्यात आपली जमीन उन्हाळ्यात भेगाळणारी. पहिल्या जोरदार पावसाचं पाणी मुळांना टाळून या भेगांतून थेट खाली उतरतं.

पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम आहे. त्याहून जास्त असेल तर सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटू शकते. आणि पाणी उकळून उपयोग नाही. उकळल्याने नायट्रेट उलट दाट होतं.

म्हणून नायट्रेट वाटेतच अडवायला हवं, आणि त्याची एक जागा नाल्याकाठी आहे. जलाशय आणि नाल्यांतला गाळ-मुरूम महामार्गाच्या भरावाला देणारा ‘बुलढाणा पॅटर्न’ देशभर गाजला. त्यातून साठवण वाढली, आणि कोरडवाहू मुलखात ती मोठीच गोष्ट आहे. पण खोलीकरण करताना काठ सोलला गेला, तर पाणी शुद्ध करणारी जागाच जाते. काठच्या ओल्या, हवा न पोचणाऱ्या, पालापाचोळा कुजलेल्या मातीत काही जिवाणू नायट्रेटमधला ऑक्सिजन वापरतात आणि नत्र वायुरूपात हवेत सोडतात. म्हणून नाल्याकाठी आणि धुऱ्यावर मारवेलसारख्या गवताचा पट्टा राखणं हे जलसंधारणाचंच काम आहे, आणि अंदाजपत्रकात त्याला खोदाईइतकाच मान हवा.

बाकीचं शेतात. कपाशीला युरिया एकदम न देता हप्त्याहप्त्याने, ओल पाहून, झाडाच्या बुडाशी द्यावा. आभाळ भरून आलं असेल तर थांबावं. सोयाबीनच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र स्वतःच मिळवतात. बियाण्याला या गाठी तयार करणारं रायझोबियम जिवाणूखत चोळलं की युरियाचा वरचा हात बहुतेक वेळा वाया जातो.

भूजल सावकाश बदलतं, आजच्या सुधारणेचा आकडा दिसायला वर्षं लागतात. तोवर प्रत्येक गावाने पावसाआधी आणि पावसानंतर विहिरींचं नायट्रेट मोजून ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहावं. तान्हं बाळ असलेल्या घराला आधी कळवावं.