मधमाश्यांच्या सहयोगाची कला
मिश्रमाध्यम कलेचा एक अलीकडील प्रकार. कलावंताने सिद्ध केलेली वस्तू मधमाश्यांच्या पेटीत ठेवून तिच्यावर त्यांच्याकडून पोळे बांधवून घेणे, हे या प्रकारात अभिप्रेत असते.

कामकरी माशीच्या उदरातील मेणग्रंथींच्या चार जोड्यांमधून मेणाचे पातळ पापुद्रे स्रवतात. ते चावून मऊ करून ती षट्‌कोनी घरे बांधते. दोन पृष्ठभागांमध्ये सु. ६ ते ९ मिमी. अंतर असल्यास माश्या ते येण्याजाण्यासाठी मोकळे सोडतात. अंतर अधिक असल्यास तेथे पोळे बांधतात. एल. एल. लँगस्ट्रॉथ या अमेरिकन मधुपालकाने १८५१ मध्ये याच तत्त्वावर सुट्या चौकटींची पेटी रचली. मधुपालक जी जादा पोकळी कटाक्षाने टाळतो, तीच कलावंत हेतुपुरस्सर ठेवतो.

कॅनडातील ॲगनेथा डिक यांनी चिनी मातीच्या मूर्ती, पादत्राणे, काचेचा विवाहवेश अशा वस्तू पेटीत ठेवून या प्रकारास प्रतिष्ठा मिळवून दिली. तोमाश लिबर्तिनी या स्लोव्हाक कलावंताने २००६ मध्ये मेणपत्र्याच्या साच्यावर सु. ४०,००० माश्यांकडून आठवडाभरात फुलदाणी बांधवून घेतली. माशीला आकृतीची जाणीव नसते. त्यामुळे ‘सहयोग’ हा शब्द सैलपणेच घ्यावा लागतो.

मेण व शिल्प यांचा संबंध मात्र जुना आहे. सोलापूरचा प्रदेश ज्यांच्या राज्यात होता, त्या कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसरा सोमेश्वर (कार. ११२६–३८) याच्या मानसोल्लास  या ग्रंथात मेणाच्या प्रतिमेवर मातीचा लेप देऊन धातू ओतण्याची रीत वर्णिली आहे. मेण आधी तोलून त्याच्या आठपट पितळ वा तांबे, बारापट चांदी, सोळापट सोने घ्यावे, असे तीत सांगितले आहे. मेणाला संस्कृतात ‘मधूच्छिष्ट’ म्हणतात. ओतकामात हे मेण वितळून निघून जाते. उपर्युक्त कलेत तेच शिल्लक राहते.

सोलापूर जिल्ह्यात असा प्रयोग करावयाचा, तर माशीची निवड निर्णायक ठरते. आग्या व फुलोरी या उघड्यावर एकच पोळे बांधणाऱ्या जाती पेटीस निरुपयोगी. सातेरी पेटीत राहते. पण त्रास झाल्यास किंवा फुलोरा संपल्यास ती घर सोडून जाते, व येथील उन्हाळ्यात फुलोरा तुटपुंजाच असतो. युरोपीय माशी अधिक स्थिर असली, तरी तिला तेव्हा साखरेचा पाक द्यावा लागतो. १ किग्रॅ. मेणासाठी माश्यांना सु. ६ ते ८ किग्रॅ. मध खर्चावा लागतो. अवर्षणप्रवण भागात हा खर्च वसाहतीच्या निर्वाहातूनच होतो आणि डाळिंब, सूर्यफूल, करडई यांच्या परागणासाठी शेतकऱ्यास हीच वसाहत सशक्त हवी असते. म्हणून वस्तू ऐन फुलोऱ्यात, मोजके दिवसच ठेवणे इष्ट. बागांतील काही कीटकनाशके मेणात साठून राहतात, हेही ध्यानात घ्यावे लागते.

मेण सु. ६२° ते ६४° से.ला वितळते; तथापि चाळिशीच्या तापमानातच नवे पोळे मऊ होऊन ढासळू लागते. तयार कृती सावलीत व मेणपतंगापासून सुरक्षित ठेवावी लागते. त्याच्या अळ्या पोळे पोखरून खातात.