टिफ्रॅक आणि तिफण

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला मी ‘आमच्या गावची पेरणी’ या विषयावर निबंध लिहायला दिला होता. अहमदपूरच्या आमच्या वर्गातली बहुतेक मुले आसपासच्या खेड्यांतून एस. टी.ने येणारी, तेव्हा विषय त्यांच्या अंगणातलाच. पण एका मुलाची वही वाचताना मी थबकलो. ऱ्हस्व-दीर्घ जागच्या जागी, वाक्ये कशी इस्त्री केलेली! मात्र चार पाने संपली तरी त्यात तिफण नाही, चाडे नाही, बैलांची नावे नाहीत. पेरणीच्या निबंधात मातीचा एक कण नव्हता.

मुलाला बोलावले. मान खाली घालून तो म्हणाला, “सर, मोबाईलकडून लिहून घेतला. आमची मराठी अशुद्ध हाय ना.”

रागवायचे ठरवून बसलेला मी गप्प झालो. आदल्या वर्षी त्याच्याच वहीतल्या ‘कामून’ आणि ‘आवंदा’ या शब्दांवर लाल रेघ ओढणारा हात माझाच होता!

त्या संध्याकाळी मला प्रा. आर. नरसिंहन यांची आठवण झाली. भाषाविज्ञानाच्या पेपरची तयारी करताना हे नाव पूर्वी भेटले होते. यंत्राला शहाणपण येईल का, हा प्रश्न भारतात ज्यांनी सर्वांत आधी मनावर घेतला, त्यांतले हे अग्रणी. जन्म मद्रासचा, १९२६ मधला. पण कर्मभूमी आपली मुंबई. अमेरिकेत अभियांत्रिकी आणि गणित शिकून ते १९५४ साली टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले. होमी भाभांच्या या संस्थेत तेव्हा गणकयंत्र बांधायचे घाटत होते. विकत आणायचे नव्हे, बांधायचे! कामाला लागलेल्या तरुणांपैकी बहुतेकांनी असले यंत्र कधी वापरलेलेही नव्हते. आधी एक छोटे नमुनायंत्र झाले, मग मोठे. १९६० च्या फेब्रुवारीत ते कामाला लागले आणि दोनच महिन्यांनी महाराष्ट्र राज्य जन्मले. जवळजवळ जुळी भावंडेच म्हणायची! १९६२ मध्ये त्याचे नाव ठेवले गेले ‘टिफ्रॅक’. सुमारे २,७०० निर्वात नळ्यांचे ते धूड. आणि स्मरणशक्ती केवढी, तर २,०४८ शब्दांची. आज खिशातल्या मोबाईललाही हसू येईल.

हे मी जेवताना मोठ्या उत्साहाने सांगत होतो. आई ताटातली भाकरी मोडता मोडता म्हणाली, “काय म्हनलास रं? तिफन?”

आम्ही सगळे हसलो. पण आईला विषय सापडला होता. तरुणपणी ती चाड्यावर मूठ धरायची. बैल चालले की मुठीतून दाणे सोडायचे. ते नळ्यांतून तीन फणांमागे सरीत पडतात. “बैल भराभर निघाले की मूठ सैल करायची, रेंगाळले की आवळायची. डोळे मागं सरीवर. दाना दाट पडला तरी वाया, पातळ पडला तरी वाया.”

मी घास हातात धरून ऐकत राहिलो. नॉर्बर्ट वीनर या अमेरिकन गणितज्ञाने १९४८ साली ‘सायबरनेटिक्स’ या नावाचे शास्त्र मांडले, ते याहून निराळे काय आहे? केल्याचा परिणाम पाहायचा, चुकले किती ते जोखायचे आणि पुढची कृती त्याप्रमाणे सुधारायची. प्राणी असो की यंत्र, नियंत्रणाचे मर्म हेच. हे वीनर १९५५–५६ मध्ये कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत राहूनही गेले. माझी आई त्या वर्गाला नव्हती. पण तो धडा तिच्या मुठीत होता.

आता पुन्हा नरसिंहन. टिफ्रॅक उभे करून ते १९६१ मध्ये इलिनॉय विद्यापीठात गेले. तिथे अणुगर्भाच्या संशोधकांपुढे निराळीच अडचण होती. सूक्ष्म कणांच्या वाटा दाखवणाऱ्या छायाचित्रांचा ढीग पडलेला. माणसाने पाहायची तरी किती? यंत्राने ती वाचावीत, अशी खटपट चालू होती. नरसिंहन यांनी चित्रांना चक्क व्याकरण लावले. रेघ, टोक, जिथे रेघा भेटतात तो सांधा, हे जणू चित्राचे शब्द. ते कसे जुळतात त्याचे नियम म्हणजे वाक्यरचना. मराठीचा मास्तर म्हणून मला याचे फार कौतुक वाटते. व्याकरणाचा असा मान आमच्या स्टाफरूममध्येही कोणी ठेवत नाही!

परतल्यावर मानसन्मान आणि जबाबदाऱ्या आल्या. कॉम्प्युटर सोसायटी ऑफ इंडियाचे ते पहिले अध्यक्ष. सरकारी कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशनचेही पहिले अध्यक्ष तेच. १९७८ मध्ये आय.बी.एम. देश सोडून गेली तेव्हा तिच्या यंत्रांची देखभाल या कंपनीने पत्करली. १९७७ साली पद्मश्री मिळाली. दुसरा कोणी असता तर याच वाटेने खुर्च्या चढत गेला असता. नरसिंहन मात्र लहान मुलाच्या बोबड्या बोलांकडे वळले.

तमिळ बोलणाऱ्या एका घरातले मूल नऊ महिन्यांचे होते तेव्हापासून सुमारे दोन वर्षे त्याचे घरच्यांशी चाललेले बोलणे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने ध्वनिमुद्रित करून तपासले. व्याकरणाचे नियम मूल जन्मतःच घेऊन येते, असे म्हणणारा पंथ तेव्हा जोरात होता. नरसिंहन यांची नजर दुसरीकडे होती. भाषा म्हणजे आधी वागणे: मागणे, नाकारणे, दाखवणे, रुसणे. आई बोलते, मूल काही तरी म्हणते, आई ते उचलून पुन्हा नीट म्हणते. पुढे साक्षरता म्हणजे केवळ अक्षरओळख का, याचाही त्यांनी विचार केला. २००७ साली बंगळूरला ते वारले.

आजची लिहिणारी यंत्रे निराळ्या वाटेने शिकली. आधी त्यांनी छापलेल्या आणि टंकलेल्या मजकुराचे डोंगर पचवले. कोणतेही मूल आयुष्यात ऐकणार नाही इतके शब्द त्यांच्या पोटात आहेत. पण जे कोणी लिहिलेच नाही ते त्यांना कुठून मिळणार? ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला, आम्ही पेढे वाटले. पण आमच्या भागातली, चाड्यापाशी बोलली जाणारी मराठी कागदावर आली ती किती? आली तेव्हा तिच्यावर लाल रेघ कोणी मारली? त्या मुलाच्या मोबाईलला ‘मूठ’ ठाऊक नव्हती, यात एकट्या मोबाईलचा दोष नाही.

दुसऱ्या दिवशी मी मुलाला सांगितले, “निबंध पुन्हा लिही. पण आधी आजीजवळ बस, तिला विचार, आणि ती बोलेल तसेच उतरव.”

“अशुद्ध झालं तर, सर?”

“होऊ दे.”

आठवड्याने वही आली. अवघी दीड पाने. शुद्धलेखनाच्या चुका मोजायच्या तर बोटे पुरणार नाहीत. पण पहिल्याच ओळीत आजी विचारत होती, कामून रं लेकरा, आजच कशी आठवन आली तिफनीची?

मी लाल पेनाला टोपण लावले आणि ती दीड पाने वर्गात वाचून दाखवली. तास संपल्यावर तिघे-चौघे टेबलाशी आले. त्यांनाही निबंध परत हवे होते.