मारिया निएवेस : पायांनी बोलणारी नर्तकी

ब्युनोस आयर्समधल्या गरीब घरात १९३४ साली जन्मलेल्या मारिया निएवेस यांनी लहान वयातच परक्यांच्या घरी घरकाम केलं. टँगो त्या शिकल्या मिलोंगांत, म्हणजे शहरातल्या टँगोच्या मैफलींत, इतरांचे पाय न्याहाळत. तिथंच त्यांना नर्तक हुआन कार्लोस कोपेस भेटले. हॉलिवूडचा नर्तक-अभिनेता जीन केली याच्या चित्रपटांनी भारावलेल्या कोपेस यांना टँगो रंगमंचावर न्यायचा होता. एका छोट्या टेबलावरचं दोघांचं नृत्य तर गाजलंच.

मिलोंगांतल्या टँगोत पुढचं पाऊल आधी ठरलेलं नसतं. जोडीदाराच्या छातीच्या हालचालीतून ते कळतं. निएवेस यांचं मोठेपण दोन पावलांमधल्या या क्षणभराच्या अवकाशात दिसतं. वरचं अंग शांत, मान ताठ आणि खाली पावलांची विलक्षण चपळाई. त्या केवळ मागोमाग जात नाहीत, प्रत्येक पावलाला स्वतःचं उत्तर देतात. माझ्या मते कोपेस यांच्या कीर्तीचा निम्मा वाटा निएवेस यांचाच आहे.

कोपेस यांच्याशी झालेलं लग्न मोडल्यावरही दोघं वर्षानुवर्षं एकत्र नाचले. ‘तांगो अर्खेंतिनो’ हा त्यांचा सहभाग असलेला कार्यक्रम १९८३ मध्ये पॅरिसला, १९८५ मध्ये ब्रॉडवेवर गेला आणि टँगोची लाट जगभर पुन्हा उसळली. कोपेस २०२१ मध्ये कोविडनं गेले.