उतार, चिखल आणि छोटा ट्रॅक्टर

छोट्या ट्रॅक्टरचा तोल दोन मापांवर ठरतो: गुरुत्वमध्य जमिनीपासून किती उंच आहे आणि डाव्या-उजव्या चाकांत अंतर किती आहे. १५ ते २० अश्वशक्तीच्या मिनी ट्रॅक्टरमध्ये हे अंतर मुद्दाम कमी ठेवतात. बागेतल्या दोन ओळींमधून आणि अरुंद खाचरांतून तो जायला हवा, म्हणूनच तर तो घेतला जातो. ज्या गुणासाठी त्याला पसंती मिळते, तोच गुण उतारावर त्याचा दोष होतो.

महाड आणि पोलादपूर तालुक्यांत सपाट जमीन फारशी नाही. सावित्री, काळ आणि गांधारी या नद्यांच्या काठी सखल भातशेती आहे. तिच्यावर पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेलेली खाचरे आणि त्याहून वर नाचणी-वरीची वरकस जमीन. वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तोही जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात. म्हणजे एकाच यंत्राला जुलैत गुडघाभर चिखल तुडवायचा असतो, हिवाळ्यात दगडासारखी वाळलेली ढेकळे फोडायची असतात आणि एरवी डांबरी रस्त्यावरून ट्रॉली ओढायची असते. बैलजोड्या कमी होत गेल्या. २०१४-१५ पासूनच्या कृषी यांत्रिकीकरण उपअभियानात पॉवर टिलर आणि २० अश्वशक्तीच्या आतले ट्रॅक्टर अनुदानाच्या यादीत आले. मात्र यंत्राबरोबर मिळणारी पुस्तिका बहुधा सपाट शेत डोळ्यांसमोर ठेवूनच वाचली जाते.

आडव्या उतारापासून सुरुवात करू. समजा, चाकांमधले अंतर ९० सेंटिमीटर आणि गुरुत्वमध्याची उंची ६० सेंटिमीटर आहे. असा ट्रॅक्टर स्थिर उभा असताना साधारण ३७ अंशांच्या तिरकेपणावर कलंडतो. आकडा दिलासा देणारा वाटतो, कारण इतक्या चढावर माणूसही धडपणे उभा राहत नाही. पण वरच्या बाजूचे चाक १५ सेंटिमीटरच्या धोंड्यावर चढले की तिरकेपणात एकदम साडेनऊ अंशांची भर पडते, आणि त्याच वेळी खालचे चाक खळग्यात गेले तर आणखी काही अंशांची. शिवाय पुढचा आस मधल्या खिळीवर झुलता असतो, त्यामुळे तोल चार चाकांच्या चौकोनावर नसून जवळजवळ त्रिकोणावर सांभाळला जातो. फवारणीची अर्धी भरलेली टाकी असेल तर पाणीही खालच्या अंगाला धाव घेते. म्हणून वरकस जमिनीवर आडवे न चालवता सरळ वर-खाली चालवणे बरे. आडवे जाणे टळतच नसेल, तर वळण चढाच्या बाजूला न घेता उताराच्या दिशेने, हळू घ्यावे आणि मागचे अवजार जमेल तितके खाली ठेवावे.

वेगाचा हिशेब याहून फसवा आहे. वळणावर बाहेर फेकणारा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ४ मीटर त्रिज्येच्या वळणात ताशी १० किलोमीटर वेगाला हा जोर वजनाच्या एक-पंचमांश असतो. २० किलोमीटरला तो वजनाच्या सुमारे आठ-दशांश होतो. वरच्या मापाचा ट्रॅक्टर सपाटीवरही एवढ्याने उलटतो. चिखलात टायर आधी घसरतो आणि एका अर्थाने वाचवतो. कोरड्या डांबरावर तो पकड सोडत नाही. भीती चिखलाची वाटते, पण वळणावर कलंडण्याची शक्यता गुळगुळीत रस्त्यावर जास्त असते. शेतात वळायला सोयीचे म्हणून डावा-उजवा ब्रेक वेगळा केलेला असतो. रस्त्याला लागण्यापूर्वी दोन्ही पेडल खिळीने जोडली नाहीत, तर घाईत एकच चाक थांबते आणि ट्रॅक्टर गर्रकन फिरतो.

मागे उलटण्याची तऱ्हा निराळी आहे आणि ती चिखलणीच्या दिवसांत समोर येते. इंजिन मागच्या आसाला पीळ देते. चाके फिरत असतील तर ट्रॅक्टर पुढे सरकतो. चाके रुतून बसली तर तोच पीळ उलट बाजूने ट्रॅक्टरच्या धडावर येतो आणि नाक वर उचलले जाते. परत न येण्याच्या टप्प्यापर्यंत पोहोचायला पाऊण सेकंद पुरतो. तेवढ्यात धोका लक्षात येऊन पाय क्लचवर जाईल, याचा भरवसा नाही. रुतलेल्या चाकापुढे ओंडका घालून किंवा तो चाकालाच बांधून पुढे रेटण्याचा उपाय अजूनही केला जातो. याइतका वाईट उपाय दुसरा नसेल. आधी अवजार सोडवून वजन कमी करावे, चाकामागचा चिखल काढावा आणि उलट्या गिअरमध्ये बाहेर यावे. त्या दिशेने नाक उचलले जात नाही. तीव्र चढही शक्यतो मागे-मागे चढावा. काहीही ओढताना साखळी खालच्या ओढदांड्यालाच लावावी. ती आसाच्या वर बांधली की ओढणारा जोरच ट्रॅक्टरला मागे पाडू लागतो.

पायऱ्यांच्या खाचरांत ट्रॅक्टरपेक्षा पॉवर टिलर अधिक सोयीचा, पण त्याचा एक स्वभाव नवख्याला गोंधळात टाकतो. त्याच्या दोन मुठींखाली एकेका चाकाची कळ असते. डावी कळ दाबली की डाव्या चाकाचा इंजिनशी संबंध तुटतो, उजवे चाक ढकलत राहते आणि टिलर डावीकडे वळतो. सपाटीवर आणि चढावर हे असेच घडते. उतारावर इंजिन चाकांना ढकलत नाही, रोखून धरते. तिथे डावी कळ दाबली की डावे चाक मोकळे सुटते, उजवे मात्र रोखलेलेच राहते, आणि टिलर उजवीकडे वळतो. बांधापासून दूर नेण्यासाठी दाबलेली कळ यंत्राला बांधावरून खाली घालू शकते. उतारावर कळ न वापरता, इंजिन मंद ठेवून, दांडे हातांनी वळवणे सुरक्षित. उतरतानाचा गिअर उतार सुरू होण्याआधी वरच निवडावा. मध्येच क्लच दाबला किंवा गिअर मोकळा केला की इंजिनची रोख संपते. घाटातल्या उतारावर डिझेल वाचवायला गाडी मोकळी सोडण्याची सवय ट्रॉलीच्या बाबतीत तर फारच महाग पडते, कारण मागची भरलेली ट्रॉली ट्रॅक्टरला ढकलत आडवी करते.

बांधाच्या कडेचा धोका पावसाबरोबर बदलतो. मातीच्या कणांमध्ये पाणी भरले की त्याचा दाब कणांना एकमेकांपासून सुटे करू पाहतो आणि त्यांच्यातले घर्षण कमी होते. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये येथे दरड कोसळून ८० हून अधिक माणसे गेली. अतिवृष्टीने भिजलेला डोंगर कसा सुटतो, हे तेव्हा सगळ्या महाराष्ट्राने पाहिले. बांधावर तीच प्रक्रिया छोट्या प्रमाणात चालते, फक्त वरचा भार यंत्राचा असतो. साधा नियम असा: बांध जितका उंच, किमान तितके अंतर त्याच्या कडेपासून राखावे. दोन मीटर उंचीच्या बांधावर दोन मीटर मोकळे सोडायचे म्हणजे छोट्या खाचरातली बरीच जमीन यंत्राविना राहते. ती कुदळीने करावी, दुसरा मार्ग नाही.

वाहत्या ओढ्यात किंवा फरशीवर पाणी असताना ट्रॅक्टर घालू नये. मोठे, हवाभरले टायर पाण्यात तरंडासारखे उचलतात. वजन कमी झाले की पकडही जाते, आणि गढूळ पाण्याखाली फरशीची कड शाबूत आहे की नाही हे दिसत नाही.

फिरत्या भागांना मात्र ऋतू नाही. अवजाराला शक्ती देणारा मागचा दांडा मिनिटाला ५४० फेऱ्या घेतो, म्हणजे सेकंदाला ९. रेनकोटचा सुटा पट्टा, पाठीवर घेतलेला प्लास्टिकचा कागद किंवा पदर त्यात अडकला, तर एका सेकंदात नऊ वेढे पडतात. माणूस हिसका देईपर्यंत तो ओढला गेलेला असतो. दांड्यावरचे आवरण काढून ठेवू नये. रोटाव्हेटरच्या पात्यांत गवत गुंतले की इंजिन पूर्ण बंद करूनच हात घालावा. पॉवर टिलर मागे घेताना पाती थांबवावीत, कारण चालवणारा मागे न पाहता चालताना पाय घसरून पडला तर ती थेट त्याच्यावर येतात.

उन्हाळ्यात पाती उलट खोडी काढतात. कडक जमिनीत ती रुतत नाहीत, चाकांसारखी धावतात आणि टिलरला पुढे उसळवतात. पहिला फेरा उथळ आणि सावकाश घ्यावा. मे आणि ऑक्टोबरात गडगडाट सुरू झाला की उघडा ट्रॅक्टर आसरा देत नाही. तो सोडून पक्क्या घरात जावे.

उलटलेल्या ट्रॅक्टरखाली चालक चिरडू नये म्हणून सीटमागे पोलादी कमान बसवतात. नव्या ट्रॅक्टरना अशी संरक्षक चौकट सक्तीची करणारा पहिला देश स्वीडन, १९५९ साली, आणि त्यानंतर तिथले मृत्यू झपाट्याने घटले. कमान आणि पट्टा ही जोडी आहे: पट्टा नसेल तर चालक कमानीच्या आधारातून बाहेर फेकला जातो. आंब्या-काजूच्या खाली लोंबत्या फांद्यांतून जाताना कमान दुमडावी लागते. तेवढ्यापुरता पट्टाही सोडावा, कारण कमान आडवी असताना उलटणाऱ्या यंत्राला बांधलेला माणूस सुटू शकत नाही. बागेबाहेर पडताच दोन्ही पुन्हा जागेवर आणावीत.