मुखवेध आणि दूषित व्रण : वैद्यांनी घ्यावयाची दक्षता

वैद्यमित्रहो, कर्णवेध आणि नासावेध आपल्याकडे घरोघरी परिचित आहेत. जीभ, ओठ वा गालाच्या आतील बाजूस छिद्र पाडून धातूची दांडी वा कडी घालण्याची प्रथा मात्र शहरी तरुण वर्गात गेल्या काही दशकांत रुजली. घरातील वडीलधाऱ्यांपासून ही गोष्ट पुष्कळदा लपविलेली असते. त्यामुळे जीभ सुजली की हे रुग्ण प्रथम हळद वा तुरटी भरून पाहतात आणि उशिरा आपल्याकडे येतात. अशा वेळी आपण नेमके काय करावे, याचा विचार आम्ही प्रस्तुत लेखात करीत आहोत.

प्राकृत शोथ की दूषित व्रण?

जिभेत रक्तवाहिन्या विपुल असतात. वेधनानंतर पहिले तीन ते पाच दिवस सूज, किंचित रक्तस्राव, लालास्राव आणि पांढुरका पातळ स्राव दिसणे स्वाभाविक आहे. जिभेचा व्रण सामान्यतः चार ते सहा आठवड्यांत रुजतो. ओठ व गालास याहून अधिक काळ लागतो. मात्र ओसरू लागलेली सूज पुन्हा वाढणे, ठणका, उष्ण स्पर्श, पिवळा वा हिरवट दुर्गंधी पू, हनुवटीखाली गाठी आणि ज्वर ही लक्षणे व्रण दूषित झाल्याची होत.

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील १७ व्या अध्यायात आम, पच्यमान आणि पक्व शोथाचा विचार आला आहे. अपक्व शोथ छेदणारा आणि पक्व शोथाची उपेक्षा करणारा, या दोघांनाही सुश्रुतांनी सारखेच निंद्य ठरविले आहे. मुखातील शोथाच्या बाबतीत दुसऱ्या चुकीची किंमत फार मोठी असते.

दागिना काढावा काय?

हा प्रश्न प्रत्येक रुग्ण विचारतो. सूत्रस्थानाच्या १६ व्या अध्यायात कर्णवेधाचा विधी आहे. सदोष सुई, अतिशय घट्ट वर्ती, दोषांचा प्रकोप किंवा अयोग्य स्थानी वेध यांमुळे शोथ व वेदना झाल्यास वर्ती काढावी, ज्येष्ठमध, एरंडमूळ, मंजिष्ठा, यव व तीळ यांचा कल्क मध व घृतासह लावावा आणि व्रण रुजल्यावर पुन्हा वेध करावा, असे तेथे सांगितले आहे. या अध्यायात जिभेच्या वेधाचा विषय नाही. त्यामुळे कानाचा नियम शब्दशः मुखात आणणे आम्हांस उचित वाटत नाही.

पू असताना दागिना काढल्यास छिद्राची तोंडे मिटून पू आत कोंडण्याची भीती असते. म्हणून रुग्णाने तो स्वतः काढू नये, असाच सल्ला आज दिला जातो. परंतु सुश्रुतांनी सांगितलेले घट्ट वर्तीचे कारण येथेही लागू पडते. सुजलेल्या जिभेत दांडीची टोके रुतत असतील, तर दंतवैद्य वा शल्यचिकित्सकाकडून लांब दांडी बसवून घ्यावी. तो सांगेल तर ती काढावी. सूज उतरल्यावर पुन्हा आखूड दांडी घालणे आवश्यक असते, अन्यथा दात टवकतात आणि हिरड्या मागे सरतात.

स्थानिक उपचार

चिकित्सास्थानाच्या ४० व्या अध्यायात कवल व गंडूष यांतील भेद सांगितला आहे. मुखात सहज खेळविता येतो तो कवल. खेळविता येणार नाही इतका मुख भरून धरतात तो गंडूष. सुजलेल्या जिभेस कवल सुसह्य होतो. उकळून कोमट केलेल्या पेलाभर पाण्यात पाव चमचा मीठ घालून जेवणानंतर आणि निजताना चुळा भराव्यात. सौम्य शोथात, त्यास जोड म्हणून, त्रिफळा वा ज्येष्ठमधाचा ताजा, वस्त्रगाळ, कोमट क्वाथ कवलार्थ वापरता येतो.

हळद, तुरटी वा कोणतेही चूर्ण छिद्रात भरू नये. त्याचे कण आत अडकून शल्यवत् राहतात व व्रण रुजू देत नाहीत. मद्यार्कयुक्त मुखधावनही टाळावे. दागिना फिरवणे, दातांनी चावणे आणि अस्वच्छ हाताने चाचपणे बंद करावे. दात मऊ ब्रशने नियमित घासावेत.

पथ्यापथ्य

थंड दूध, भाताची गार पेज, मऊ खिचडी द्यावी. सूज असता स्वच्छ पाण्याचा बर्फ चघळू द्यावा. तिखट, आंबट, अतिउष्ण व कडक पदार्थ, मद्य, धूम्रपान, तंबाखू व गुटखा वर्ज्य करावेत. दुसऱ्याची उष्टी भांडी वापरू नयेत.

पुढे केव्हा पाठवावे?

वाढता पू, ज्वर वा पसरणारी सूज असल्यास केवळ कवलावर विसंबू नये. प्रतिजैविकांची वा पू काढण्याची गरज असते. जिभेखालचा भाग कठीण होऊन वर उचलला जाणे, लाळ गिळता न येणे, तोंड न उघडणे, आवाज बदलणे वा श्वासास त्रास होणे ही आत्ययिक लक्षणे होत. जर्मन वैद्य लुडविग यांनी १८३६ साली वर्णिलेला मुखतलाचा हा शोथ काही तासांत श्वासमार्ग रोधू शकतो. अशा रुग्णास औषध देऊन घरी न धाडता तत्काळ रुग्णालयात पाठवावे. न थांबणाऱ्या रक्तस्रावासही हाच नियम लागू आहे.

हृदयाच्या झडपांचा विकार, मधुमेह व रक्त पातळ करणारी औषधे यांविषयी अवश्य विचारावे. मुखातील जंतू रक्तावाटे हृदयापर्यंत पोहोचू शकतात. सुई निर्जंतुक असल्याची खात्री नसेल, तर धनुर्वाताची लस आणि कावीळ ब, कावीळ क व एचआयव्ही यांच्या तपासणीचा सल्ला द्यावा.

शेवटी एक विनंती. रुग्णास टोचून घेतल्याबद्दल बोल लावू नये. रागावलेला रुग्ण पुन्हा येत नाही आणि दुसऱ्या खेपेस तो अधिक उशिरा कोठेतरी पोहोचतो. त्याची लाज राखून वेळीच योग्य मार्ग दाखविणे, हेही आम्ही चिकित्सेचेच अंग मानतो.