शोषण-नळीतील अदृश्य गळती
विहिरीच्या कोनाड्यातील पंप पाणी कमी देऊ लागला म्हणजे शेतकरी प्रथम यंत्रास दोष देतो. पुष्कळदा दोष शोषण-नळीच्या सांध्यात असतो. पंप चालू असता तेथून पाणी ठिबकत नाही, उलट हवा आत शिरते. म्हणून ही गळती दिसत नाही. सांध्याजवळ उदबत्ती धरावी. धूर आत ओढला गेल्यास दोष तेथेच समजावा.

नंतर मुख्य स्विच बंद करून सांधा उकलावा. आटे स्वच्छ पुसून त्यांवर टेफ्लॉनची फीत आवळण्याच्या दिशेने गुंडाळावी. फ्लँजच्या जोडास नवी रबरी चकती घालून समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीने आवळावेत. पान्हा फिरविण्यास जागा नसल्यास युनियन-सांधा बसवावा. पुढे सर्व नळी उतरवावी लागत नाही. हे काम पाण्याची पाळी येण्यापूर्वीच उरकावे. वाळलेले पीक दुरुस्तीची वाट पाहत नाही.