प्राचीन युद्धपटांतील प्रमाणविचार

शिशाचे लहान शिपाई पटावर मांडून प्राचीन लढाया पुन्हां लढून पाहण्याचा जो प्रघात पाश्चात्त्य देशांत आहे, तो केवळ करमणुकीचा म्हणून सोडून देण्यासारखा नाहीं. जुन्या ग्रंथकारांनीं दिलेलें सैन्य त्यांनींच वर्णिलेल्या भूमीवर मावतें कीं नाहीं, हें पडताळण्याचें तें एक साधन आहे. परंतु साधनाचें माप चुकलें कीं निष्कर्षही चुकतो. एका उंचीच्या शिपायांसाठीं रचलेले नियम दुसऱ्या उंचीच्या शिपायांस लावतांना अशी चूक होण्याचा संभव फार. म्हणून कोणतें माप बदलावें व कोणतें बदलूं नये, याचा विचार येथें योजिला आहे.

प्रशियाच्या सैन्यांतील धाकट्या राइसविट्झनें १८२४ सालीं युद्धपटाचे नियम प्रसिद्ध केले, त्यांत ही अडचण नव्हती. त्याचा नकाशा १:८००० प्रमाणाचा व पलटणींचे ठोकळेही त्याच प्रमाणाचे. शिपायाची आकृति पटावर उभी राहिली तेव्हां मात्र एकाच पटावर दोन प्रमाणें नांदूं लागलीं. एक उंचीचें, दुसरें भूमीचें. एच. जी. वेल्स याच्या १९१३ सालच्या खेळांत हा भेद फारसा जाणवत नाहीं, कारण तेथें खेळण्यांतली तोफ खरोखरच लांकडाची कांडी फेंकते व ती पडेल तेथपर्यंत तिचा पल्ला!

प्राचीन युद्धांसाठीं फिल बार्कर व रिचर्ड बॉडली स्कॉट यांनीं १९९० सालीं सिद्ध केलेले 'दे बेल्लिस अँटिक्विटाटिस' नांवाचे नियम उदाहरणादाखल घेऊं. प्रत्येक पक्षाकडे बारा तुकड्या. प्रत्येक तुकडी एका पातळ बैठकीवर चिकटविलेली. शिपाई १५ मिलिमीटर उंचीचे असतील तर बैठक ४० मिलिमीटर रुंद, २५ मिलिमीटरचे असतील तर ६०. जुन्या आवृत्त्यांच्या मापाप्रमाणें पहिल्या शिपायांस एक इंच म्हणजे शंभर पावलें, दुसऱ्यांस दीड इंच. आणि पाऊल पाऊण मीटरचें. आतां हिशेब करून पाहावा. १५ मिलिमीटरचा शिपाई सुमारें १:११३ या प्रमाणाचा पडतो, पण त्याच्या पायाखालची जमीन सुमारें १:२९५० या प्रमाणाची आहे. दोनशें पावलांचा बाणाचा पल्ला उंचीच्या प्रमाणानें मांडला तर सव्वा मीटरच्याही पलीकडे जाईल. भूमीच्या प्रमाणानें तो दोन इंचांत संपतो. त्याच पटावरचें एखादें घर शिपायाला शोभेलसें केलें तर तें जमिनीवर सारा गांव व्यापतें. यांत दोष कांहीं नाहीं. घराला गांव समजावें, म्हणजे झालें.

यावरून पहिला नियम निघतो: शिपायाची उंची दीडपट झाली म्हणून भूमीचें प्रमाण आपोआप दीडपट होत नाहीं; बदलते ती बैठकीची रुंदी, आणि सर्व अंतरें त्या रुंदीच्या मागून गेलीं पाहिजेत. एक इंच व दीड इंच घेतल्यास दोन्ही बैठकी सुमारें १५७ पावलांच्या, म्हणजे ११८ मीटरांच्या भरतात. सोयीसाठीं इंचाऐवजीं २५ व ४० मिलिमीटर असे गोळाबेरीज आंकडे घेतले तर लहान बैठक १६० पावलांची व मोठी १५० पावलांची होते. एका बैठकीला हा फरक क्षुल्लक. वीस बैठकींच्या फळीला तो दोनशें पावलांचा होतो.

खोलीची गोष्ट याहून वेगळी आहे. भालाइतांची बैठक लहान प्रमाणांत १५ मिलिमीटर खोल, मोठ्यांत २०. म्हणजे रुंदी दीडपट वाढली तरी खोली सव्वापटीहून थोडी अधिक. कारण उघड आहे: खोली ठरविली ती शिपायाचे पाय मावावे म्हणून. सोळा ओळींचा मॅसिडोनी व्यूह ओळीस तीन फूट धरल्यास ४८ फूट खोल, परंतु १५ मिलिमीटरची बैठक भूमीवर सुमारें १४५ फूट व्यापते. सबब पटावरून फळीच्या लांबीविषयीं अनुमान करावें, खोलीविषयीं करूं नये.

याचा उपयोग पाहावयाचा तर ख्रिस्तपूर्व ३३३ मधील इस्ससची लढाई घ्यावी. अलेक्झांडरबरोबर असलेल्या कॅलिस्थेनीसनें डोंगर व समुद्र यांमधील मैदान चौदा स्टेडांहून रुंद नाहीं असें लिहून इराणी घोडदळ तीस हजारांचें सांगितलें. पॉलिबिअसनें आपल्या इतिहासाच्या बाराव्या खंडांत त्यावर जें गणित केलें तें पटाचेंच गणित आहे. आठ ओळी खोल उभें केल्यास एका स्टेडांत आठशें घोडेस्वार, चौदांत ११,२००. मग उरलेले उभे राहिले कोठें? सहाशें फुटांचा स्टेड १८५ मीटर धरतां हें मैदान बावीस बैठकींचें होतें. लहान शिपायांस तें ८८ सेंटिमीटर, मोठ्यांस १३२. बैठकी मात्र दोहोंकडे बावीसच. तीस हजार स्वारांना एकोणसाठ लागतात. तसेंच पॉलिबिअस म्हणतो कीं दर माणशीं सहा फूट व सोळा ओळी धरल्यास मॅसिडोनी पायदळांपैकीं ३२,००० माणसें वीस स्टेड अडवितील. त्या एकतीस बैठकी झाल्या.

घोडदळाविषयींचा त्याचा आक्षेप आम्हांस बिनतोड वाटतो. पायदळाविषयीं मात्र त्यानें सगळेंच पायदळ लांब भाल्याच्या व्यूहांत उभें केलें, हें न्यायाचें नव्हे. अलेक्झांडरचे व्यूहांतील लोक सामान्यतः बारा हजारांच्या आसपास मानतात. ते तीन फुटांच्या दाटीनें सहा बैठकींत मावतात, व इतरांस भरपूर जागा उरते.

सहा मिलिमीटरचे शिपाई वापरणारांपुढें दोन मार्ग असतात. ४० मिलिमीटरचीच बैठक ठेवून तीवर चारांऐवजीं वीसपंचवीस शिपाई बसवावे. नियमांचें एक अक्षरही बदलावें लागत नाहीं, आणि व्यूह व्यूहासारखा दिसतो. किंवा बैठक निम्मी करून सर्व अंतरें निम्मीं करावीं. दुसऱ्या मार्गानें पट लहान होतो खरा, पण हाताची चूक लहान होत नाहीं. दोन मिलिमीटर हात ढळला तर पहिल्या पटावर सहा मीटरांची चूक, दुसऱ्यावर बारा. आम्ही पहिलाच मार्ग पसंत करूं.

२०१४ सालच्या तिसऱ्या आवृत्तीनें पावलें काढून टाकून बैठकीची रुंदी हेंच माप केलें. प्रमाणाचा घोळ त्यानें मिटला. परंतु पूर्वी दोनशें पावलें, म्हणजे दोन इंच, चालणारा भालाइतांचा व्यूह आतां दोन बैठकी, म्हणजे लहान प्रमाणांत ८० मिलिमीटर, चालतो. हा नियमांतील बदल आहे, मापांतील नव्हे. दोन आवृत्त्यांचे पट ताडून पाहणारानें तो विसरूं नये.

आपल्या बखरींतील लाखांच्या संख्यांनाही ही कसोटी लावतां येईल. मात्र पॉलिबिअसजवळ दर माणशीं व दर घोड्यामागें किती जागा हा आंकडा होता. तो नसेल तर बैठकी मोजून कांहींच सिद्ध होत नाहीं. फौजेच्या फळीची लांबी, छावणीची लांबीरुंदी अथवा घोड्याच्या थानाची जागा नोंदलेलें पत्र, यादी किंवा नकाशा ज्यांच्या संग्रहीं असेल त्यांनीं तो कितीही त्रोटक असला तरी नकलून प्रसिद्धीस द्यावा.